आठव्या ओळीपर्यंत

कपाळाच्या उजव्या बाजूला आग व्हायला लागली तेव्हा भिंगकाकांनी सगळा दोष केसांच्या कलपाला दिला. कलप नव्या कंपनीचा होता, बायकोनं आणलेला होता, त्यामुळे आरोपी शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

"मग आग एकाच बाजूला कशी?" बाई म्हणाल्या. "कलप काय उजवं-डावं बघून चावतो?"

"तू लावलास तसा चावला," काका म्हणाले आणि आरशात वाकून कपाळ चाचपत बसले.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं, पस्तीस वर्षं. सगळी गल्ली त्यांना भिंगकाका म्हणायची. बाई पहिलीच्या वर्गाला एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि आता तयार चष्मे गिऱ्हाइकांच्या हातात द्यायला दुकानात बसायच्या. गल्लीच्या लेखी त्या अजून बाईच होत्या. दुकान म्हणजे एक अरुंद, लांबलचक खोली. दाराशी काउंटर, मागे काच घासायचं यंत्र, एका टोकाला तपासणीची खुर्ची आणि बरोबर वीस फुटांवर, समोरच्या भिंतीवर, अक्षरांचा तक्ता. आठ ओळी. वर एकच भलंमोठं अक्षर, मग खाली उतरत उतरत अक्षरं बारीक होत जायची, ती आठव्या ओळीत मुंगीएवढी. तक्त्याला दुसरी बाजूही होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिच्यावर तीन दात्यांच्या फण्या काढलेल्या होत्या, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. गिऱ्हाइकानं हातानं दाखवायचं, दाते कुठे वळलेत ते. असं कुणी आलं की काका तक्ता उलटा टांगायचे आणि ते माणूस गेलं की लगेच सुलटा करायचे.

तिसऱ्या दिवशी कपाळावर पाण्यानं भरलेले फोड आले. केसांपासून निघून ते उजव्या भुवईवरून पापणीपर्यंत उतरले आणि मधोमध असे थांबले, जणू कुणी पट्टी ठेवून रेघ आखली होती. डावीकडे एक फोड नाही. कलप निर्दोष सुटला आणि काका गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. बाई बरोबर होत्याच. काकांना एकट्यानं डॉक्टरकडे पाठवलं की ते अर्धं ऐकून येतात आणि त्यातलं निम्मं विसरतात, हा त्यांचा अनुभव होता.

"नागीण," डॉक्टर म्हणाले. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या आणि गेल्या. त्याला झाली की पंचावन्न वर्षं."

"आल्या होत्या, गेल्या नव्हत्या. तो विषाणू नसेच्या मुळाशी जाऊन झोपतो. वय झालं, अंगातली ताकद उतरली की उठतो आणि त्याच नसेवाटे बाहेर येतो." डॉक्टरांनी चष्मा नाकावर खाली ओढून काकांकडे पाहिलं. चष्मा काकांनीच केलेला होता. "दोन वर्षांपूर्वी मी तुम्हा दोघांना याच टेबलाशी सांगितलं होतं, लस घ्या म्हणून."

बाईंनी घेतली होती. दोन टोचे, काही महिन्यांच्या अंतरानं. पहिल्या टोच्यानंतर दोन दिवस हात वर होत नव्हता आणि अंग कसकसलं होतं. काकांनी ते बघितलं आणि आपल्याला दुकानात गर्दी असल्याचं जाहीर केलं. मग ती गर्दी दोन वर्षं काही हटली नाही. बाईंनी चार-पाच वेळा आठवण केली, मग त्यांनीही नाद सोडला. नवऱ्याच्या मागे किती लागायचं, यालाही काही सुमार असतो.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून पाच वेळा, एकही चुकवायची नाही. मग ते पुढे झुकले आणि काकांच्या नाकाच्या शेंड्यावरच्या एका लहानशा फोडाकडे त्यांनी बोट केलं. "हा मला आवडलेला नाही. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी नस एकच. इथे फोड आला म्हणजे डोळ्यालाही धोका आहे. आजच्या आज डोळे दाखवा."

काका हसले. "डॉक्टर, अहो, डोळे दाखवायला लोक माझ्याकडे येतात."

"तुम्ही नंबर काढता. मी डोळ्याच्या आत बघायला सांगतोय."

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "चला, रिक्षा करू." काका म्हणाले, "आधी दुकानात चल. दिसतंय की नाही ते तर बघू. दिसत असेल तर कशाला धावपळ?" डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग बाईंना माहीत होती. निम्मा दिवस जायचा तिथे. शिवाय त्या भ्यायल्या होत्या आणि भ्यायलेल्या माणसाला घराजवळची जागा बरी वाटते. त्या दुकानात गेल्या.

काका खुर्चीत बसले. बाईंनी मागे उभं राहून त्यांच्या डाव्या डोळ्यावर तळवा धरला आणि काकांनी उजव्या डोळ्यानं तक्ता वाचायला सुरुवात केली. एक ओळ, दोन, चार, सहा. आठवी ओळ त्यांनी कुठेही न अडखळता संपवली, "न, ल, ग, ध, प, र, त."

"शाब्बास!" बाईंच्या तोंडून गेलं. एकतीस वर्षांची सवय.

"बघ. ठणठणीत आहे."

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आधी काकांची परीक्षा. बाई हात धरायच्या, काका आठव्या ओळीपर्यंत वाचायचे, बाई शाब्बास म्हणायच्या आणि मग पहिलं गिऱ्हाईक. गोळ्यांच्या वेळा बाईंनी घड्याळ लावून सांभाळल्या, पाच म्हणजे पाच. फोड सुकले, खपल्या धरल्या. नवव्या दिवशी नाकाच्या शेंड्यावरची खपली पडली तेव्हा बाईंनी कणीक मळता मळता एक गाणं गुणगुणलं, इतका त्यांचा जीव भांड्यात पडला होता. डोळा मात्र लाल होता आणि सारखं पाणी यायचं. उजेड सहन होत नाही म्हणून काकांनी दुकानातलाच एक काळा चष्मा चढवला होता आणि दोष पापणीवरच्या खपल्यांना दिला होता. दोष द्यायला त्यांच्याजवळ नेहमी कुणी ना कुणी असायचंच. बाईंनी तेही मानून घेतलं. रोज सकाळी ते तक्ता आदल्या दिवसापेक्षा भराभर वाचत होते, मग काळजी कसली?

अकराव्या दिवशी बसचा ड्रायव्हर आला. चारच दिवसांपूर्वी त्यानं नवा चष्मा नेला होता.

"काका, यातून रस्ता एका बाजूला कलतो. पाठीमागे चाळीस माणसं बसलेली असतात हो माझ्या."

काकांनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला, सवयीनं उजवा डोळा लावला, बराच वेळ भिंग मागेपुढे केलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. नवा नंबर आहे, दोन दिवसांत सवय होईल."

ड्रायव्हरनं चष्मा खिशात टाकला आणि जुनाच डोळ्यांवर चढवून तो निघून गेला. बाईंना ते लागलं. काकांच्या हातचा चष्मा खिशात घालून कुणी गेल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी एक म्हातारी सुनेबरोबर आली. अक्षरओळख नव्हती, तेव्हा काकांनी तक्ता उलटा टांगला. म्हातारीला मजा वाटत होती, हात वर, हात खाली करत ती निम्मा तक्ता बिनचूक दाखवून गेली. त्यानंतर काकांचं डोकं इतकं ठणकायला लागलं की ते बाईंवर दुकान टाकून घरी निघून गेले. बाईंनी आवरलं, शटर ओढलं, कुलूप लावलं.

बाराव्या दिवशी सकाळी काका खुर्चीत बसले. बाई मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी डाव्या डोळ्यावर तळवा धरला. आज मनात ड्रायव्हर घोळत होता, म्हणून असेल, त्यांचं लक्ष काकांच्या आवाजाकडेच होतं. काकांनी वरचं मोठं अक्षर म्हटलं. दुसरी ओळ म्हटली. तिसरी, चौथी. आवाज स्वच्छ, कुठे अडखळ नाही. सातवी ओळ चालू असताना बाईंनी सहज मान वर केली.

तक्त्यावर एकही अक्षर नव्हतं. आदल्या संध्याकाळी तक्ता सुलटा करायचा राहून गेला होता आणि सकाळी दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत नुसत्या फण्या होत्या, दाते वर, दाते खाली, आणि काका त्या फण्यांकडे तोंड करून ठामपणे वाचत होते, "न, ल, ग, ध, प, र, त."

मग ते शाब्बासची वाट बघत थांबले.

बाईंनी हात काढून घेतला. काकांचा डावा डोळा उघडला, त्यांनी तक्ता पाहिला.

"रिक्षा बोलाव," काका म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांना ओळखत होत्या. त्यांच्या चिठ्ठ्या घेऊन कितीतरी पेशंट काकांकडे जायचे. त्यांनी काकांची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, डोळ्यात पिवळं औषध टाकलं आणि निळ्या उजेडात बराच वेळ आत पाहिलं. डोळ्यातला दाब मोजला. मग कापसाचं एक टोक पिळून अगदी धाग्यासारखं केलं आणि आधी डाव्या बुबुळाला हलकेच लावलं. काका दचकून मागे सरले.

"आता उजवा," त्या म्हणाल्या.

काका वाट बघत राहिले. "लावा की."

"लावलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंना तो धागा दिसत होता. तो बुबुळावर टेकला होता आणि काका शांतपणे समोर बघत होते.

"आग कमी झाली म्हणून तुम्हाला बरं वाटलं असेल," डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे घेतली. "पण बुबुळाची जाणीवच गेलीये. डोळ्यात आतून सूज आहे, दाब वाढलाय, समोरची काच धुरकट झालीये. किती दिवस झाले?"

"बारा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. "गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, ते फार चांगलं झालं. नाहीतर याहून वाईट असतं. पण हा डोळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायला हवा होता."

"तेव्हा दाखवला असता तर?" काकांनी विचारलं.

"खात्री कुणीच देणार नाही. पण सूज सुरू होतानाच हाती लागली असती तर डाग बहुधा एवढा पडला नसता."

मग औषधं. सुजेचे थेंब, दाबाचे थेंब, डोळा कोरडा पडू नये म्हणून तिसरे थेंब आणि गोळ्या आणखी काही दिवस. सुजेच्या थेंबांबद्दल डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. ते सांगितल्याप्रमाणे आठवड्या-आठवड्यानं कमी करायचे, बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायचे नाहीत, डोळा पुन्हा लाल झाला म्हणून मनानं सुरू करायचे नाहीत आणि उरलेली बाटली गिऱ्हाइकाला तर अजिबात द्यायची नाही. दुसऱ्या एखाद्या विषाणूनं डोळा बिघडला असेल तर हेच थेंब त्याचं वाटोळं करतात. शिवाय काच घासताना जाड गॉगल. काचेचा कण उडून उजव्या डोळ्यात गेला तर काकांना आता कळणारच नव्हता, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दुसऱ्या कुणीतरी तो डोळा बॅटरी लावून बघायचा.

ते दुसरं कुणीतरी म्हणजे अर्थातच बाई.

पुढचे महिने शिस्तीत गेले. थेंबांचा तक्ता बाईंनी भिंतीवर चिकटवला आणि प्रत्येक थेंबानंतर त्यावर खूण केली. काकांनी एकदाही कुरकुर केली नाही आणि तेच बाईंना सहन होत नव्हतं. ड्रायव्हरचा चष्मा काकांनी डाव्या डोळ्यानं पुन्हा मोजला, तिरका नंबर चुकीच्या कोनात बसला होता. नवी काच घालून ते स्वतः डेपोत गेले आणि सगळ्यांसमोर माफी मागून आले. डाव्या डोळ्यानं काम करायची सवय लागेना. पंधरा मिनिटांच्या कामाला तास लागायचा. स्क्रू बसवताना पेचकस एक केसभर पुढे नाहीतर मागे पडायचा, मग काका हात खाली ठेवून थोडा वेळ नुसतेच बसायचे. दुकान चालवायचं की मिटवायचं, हे उजव्या डोळ्यात किती परत येतं त्यावर होतं. त्याबद्दल दोघं बोलत नव्हती. सकाळची परीक्षाही बंद झाली होती.

सहा महिन्यांनी शेवटची तपासणी झाली. दवाखान्यात पडद्यावर अक्षरं बदलून येत होती, पाठ असायचा प्रश्न नव्हता. काकांनी डावा डोळा झाकला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीला कपाळावर आठ्या घालून एकेक अक्षर ओढून काढलं. पाचवीला ते थांबले.

"चार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आलात तेव्हा बोटं मोजता येत नव्हती. त्या मानानं फार छान. पण बुबुळावर डाग राहिलाय. याच्या पुढे औषधानं जाणार नाही."

"म्हणजे बारीक काम?"

"डाव्या डोळ्यावर. जमेल तेवढं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आणि डोळा शांत होऊन आता बरेच दिवस झालेत. वरच्या मजल्यावर जाऊन लस घ्या. गेलेलं ती परत आणणार नाही. पण नागीण पुन्हा उठू शकते आणि हा डोळा दुसरा हल्ला सोसणार नाही. लसीनं ती शक्यता बरीच कमी होते."

वरच्या मजल्यावर एक बाक होतं. नर्सनं थांबायला सांगितलं. दोघं बसली. समोरच्या भिंतीला टेकून कुणाची तरी छत्री उभी होती आणि बाई तिच्याकडेच बघत बोलल्या.

"हात माझा होता तुमच्या डोळ्यावर."

"कधी?"

"रोज. पुस्तक उलटं धरून धडा घडाघडा म्हणणारी शेकडो पोरं मी पकडली. पानावर बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे, लगेच कळायचं मला. आणि तुम्ही कळला नाहीत. तक्ता तुम्हाला झोपेतसुद्धा म्हणता येतो, हे मला माहीत नव्हतं का? मला बघायचंच नव्हतं. मला ते दवाखान्याचं दारच नको होतं. एक डोळा गेला तुमचा, आणि मी शाब्बास म्हणत होते."

काकांनी काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला आठव्या दिवशीच कळलं होतं," ते म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"दिसत नाही ते. सातव्या दिवसापर्यंत खरंच वाचत होतो. ओळी पुसट होत चालल्या होत्या आणि आठव्या सकाळी वरचं मोठं अक्षरसुद्धा नुसता डाग दिसला. त्या दिवसापासून म्हणून दाखवत होतो."

बाईंच्या अंगाची आग आग झाली. बारा वजा आठ, चार दिवस. या माणसानं चार दिवस आपल्या तळव्याखाली बसून आपल्याला फसवलं आणि आपण सहा महिने स्वतःला खात राहिलो. चारचौघांत ओरडायची सवय नव्हती म्हणून त्या दातओठ खाऊन म्हणाल्या, "का पण? का?"

"वाटायचं, उद्या दिसेल. गोळ्या चालूच आहेत." काकांनी चष्म्याची काडी उघडली, मिटली. "आणि तू शाब्बास म्हणायचीस."

"अहो, ते तोंडात बसलंय माझ्या! फळा पुसला तरी म्हणायचे मी पोरांना!"

"माहीत आहे. तरी बरं वाटायचं. दिसत नाही म्हटलं असतं, तर त्या दिवसापासून मी आंधळा."

बाईंच्या डोळ्यांपुढे पहिलीची पोरं आली, घडाघडा म्हणून झालं की मान वर करून वाट बघत राहणारी. त्यांतल्या कितीजणांना काहीच येत नव्हतं, हे आता कोण मोजणार?

"सांगितलं असतंत तर मी रागावले असते का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "त्याच पावली इथे घेऊन आली असतीस."

ते खरंच होतं, म्हणून त्या जास्तच रडल्या. काकांनी खिशातला रुमाल दिला. तो काचा पुसायचा होता, पण त्या वेळी कुणी बघितलं नाही.

नर्स फॉर्म घेऊन आली. वय विचारलं, ताप आहे का विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, पूर्वी नागीण झाली होती का. काका एकेक उत्तर देत गेले.

"डोळ्याला काही त्रास राहिलाय?" नर्सनं विचारलं.

"उजव्यानं चार ओळी दिसतात," काका म्हणाले. "खालच्या चार पाठ आहेत."

नर्सचं पेन थांबलं. काय लिहायचं ते न कळून तिनं बाईंकडे पाहिलं.

"चारच लिहा," बाई म्हणाल्या, आणि काकांच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर सारायला लागल्या.